पुढच्या टेबलावरच्या माणसासाठी काढलेली चित्रं

मागच्या अंकात जुन्या, हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशन फिल्म्सच्या कामाच्या चित्रांवर लिहिलं होतं, म्हणजे कॉन्सेप्ट आर्ट (फिल्म कशी दिसावी ते शोधणारी सुरुवातीची चित्रं), लेआउट (दृश्याच्या मांडणीची चित्रं), पेन्सिलची ड्रॉइंग्ज वगैरे, जी सहसा पडद्यावर तशीच्या तशी येत नाहीत ती. त्यावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतलेत. काही उत्तरं लांबलीत पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, मी स्वतः मुंबईत जाहिरातींच्या कार्टून फिल्म्ससाठी बरीच वर्षं बॅकग्राउंड रंगवलीत.

प्रश्न : ताई, तुमचा लेख वाचून नेटवर 'बांबी'ची कॉन्सेप्ट चित्रं शोधून बघितली. खरं सांगू का, अर्धी चित्रं धुरकट, हरीण म्हणजे दोन-तीन फटकारे, डोळेसुद्धा नाहीत. लोक एवढं वाखाणतात पण त्यात नक्की काय बघायचं तेच मला कळत नाही. पूर्ण फिल्म हाताशी असताना ही कच्ची चित्रं बघायचीच कशाला? (एक वाचक, सांगली)

बरं झालं स्पष्ट विचारलंत, बहुतेक लोक कळलं नाही तरी 'वा, काय सुंदर' म्हणून पुढे जातात.

पहिली गोष्ट म्हणजे हे चित्र तुमच्या-माझ्यासाठी काढलेलंच नाहीये. ते स्टुडिओत पुढच्या टेबलावर बसलेल्या माणसासाठी काढलंय. कॉन्सेप्टवाला लेआउटवाल्याला काहीतरी सांगतोय, लेआउटवाला बॅकग्राउंडवाल्याला आणि अ‍ॅनिमेटरला सांगतोय, अ‍ॅनिमेटर त्याच्या असिस्टंटला सांगतोय, आणि असं करत करत शेवटी कॅमेऱ्याखाली जे जातं ते आपण थिएटरमध्ये बघतो. म्हणून असं चित्र समोर आलं की 'सुंदर आहे का' हे नंतर बघा, आधी 'हा कुणाला काय सांगतोय' हे शोधा.

आता बांबीचंच बघू. डिस्नेची ही हरणाच्या पिल्लाची फिल्म आली १९४२ साली. त्याआधी १९३७ मध्ये त्याच स्टुडिओची 'स्नो व्हाईट' येऊन गेली होती आणि तिच्यातलं जंगल कसं, तर झाडाची साल, मुळं, पानं, सगळं बारीक कोरून काढलेलं. बांबीचं जंगलही आधी त्याच पद्धतीने काढायला घेतलं आणि तिथे अडलं, कारण हरीण तपकिरी, जंगल तपकिरी-हिरवं, आणि प्रत्येक पान 'माझ्याकडे बघ' म्हणतंय, मग मधे उभं असलेलं हरीण दिसणार कसं?

त्याच वेळी तिथे टायरस वाँग नावाचा एक माणूस इनबिटवीनर म्हणून काम करत होता. इनबिटवीनर म्हणजे अ‍ॅनिमेटरने काढलेल्या दोन मुख्य ड्रॉइंग्जच्या मधली ड्रॉइंग्ज भरून काढणारा, दिवसभर लाईट टेबलवर मान खाली घालून, डोळे फोडणारं काम, आणि स्टुडिओच्या उतरंडीत अगदी खालची पायरी. वाँगचा जन्म १९१०चा, चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला, लहानपणी वडिलांबरोबर अमेरिकेत आला, अभ्यास चित्रकलेचा आणि ओढ सोंग राजघराण्याच्या काळातल्या चिनी निसर्गचित्रांची, ज्यात डोंगर धुक्यात अर्धा गडप असतो आणि तरी पूर्ण दिसतो. स्टुडिओत बांबी करणार असल्याचं त्याला कळलं, त्याने मूळ कादंबरी वाचली आणि कुणी सांगितलेलं नसताना स्वतःहून पेस्टलमध्ये आणि जलरंगात जंगलाची छोटी छोटी चित्रं काढून आर्ट डायरेक्टर टॉम कॉड्रिकला नेऊन दाखवली. तिथून अख्ख्या फिल्मची दिशा बदलली.

आता परत ती धुरकट चित्रं काढा आणि डोळे किलकिले करून बघा. बारीकसारीक सगळं विरघळून फक्त उजेड आणि अंधार उरतो ना, तेव्हा हरीण कुठे आहे ते झटकन दिसतं, कारण वाँग असल्या चित्रांत हरणाच्या मागे मोकळा उजेड ठेवतो आणि बाकीचं जंगल कडेकडेने अंधारात ढकलतो. पानं एकेक करून मोजता येत नाहीत पण दाट झाडीचा गारवा जाणवतो. आणि हरणाला डोळे नाहीत म्हणता, तर डोळे काढायला मार्क डेव्हिस, फ्रँक थॉमस यांच्यासारखे पट्टीचे अ‍ॅनिमेटर होतेच की, स्टुडिओत जिवंत हरणांची पिल्लं आणून, प्राण्यांच्या शरीररचनेचे वर्ग घेऊन त्यांची तयारी चाललेली. वाँगला सांगायचं होतं ते एवढंच की पात्र जिथे उभं राहणार तिथली जागा मोकळी सोडा. मी कामाला लागले तेव्हा आमच्या सरांनी पहिल्या दिवशी मला हेच सांगितलेलं, 'तिथे काही काढू नकोस, तिथे ससा येणारे.' मला तेव्हा वाँगचं नावही माहीत नव्हतं.

बांबीच्या नामावळीत वाँगचं नाव फक्त बॅकग्राउंड करणाऱ्यांच्या यादीत एक म्हणून आहे. १९४१च्या डिस्नेतल्या कामगारांच्या संपानंतर त्याची नोकरी गेली, तो संपात नव्हता तरीही गेली, मग पुढची २६ वर्षं त्याने वॉर्नर ब्रदर्समध्ये साध्या, नटनट्यांच्या सिनेमांसाठी दृश्यांची चित्रं काढली. २०१६ मध्ये तो गेला तेव्हा १०६ वर्षांचा होता. म्हणून मला त्या चित्रांना 'कच्ची' म्हणवत नाही, त्यांचं काम तिथेच पूर्ण झालेलं असतं.

प्रश्न : मावशी, मी सहावीत आहे. 'टोटोरो'च्या पोस्टरवर बसस्टॉपवर टोटोरोच्या शेजारी एकच मुलगी उभी आहे पण फिल्ममध्ये तर सात्सुकी आणि मेई दोघी असतात. मग पोस्टरवरची ती कोण? आईला पण माहीत नाही. (एक वाचक, नाशिक)

अरे वा, काय नजर आहे तुझी! हे पोस्टर हजार वेळा बघितलेल्या मोठ्या माणसांच्याही लक्षात येत नाही.

ती मुलगी सात्सुकी पण नाही आणि मेई पण नाही, ती दोघींच्या आधीची आहे. मियाझाकी आजोबा, म्हणजे या जपानी फिल्मचे दिग्दर्शक, फिल्म करायच्या खूप आधी जलरंगात छोटी छोटी चित्रं काढून गोष्ट शोधत बसायचे, त्याला तिकडे इमेज बोर्ड म्हणतात. त्या सुरुवातीच्या चित्रांत एकच मुलगी होती, पावसात छत्री घेऊन बसस्टॉपवर उभी, आणि शेजारी हा भला मोठा टोटोरो. नंतर गोष्ट वाढत गेली तसे त्यांनी त्या एका मुलीच्या दोन बहिणी केल्या, एक मोठी समजूतदार आणि एक छोटी हट्टी. पोस्टरवर मात्र ती पहिली एकटी मुलगी राहून गेली.

आणि गंमत सांगू? सात्सुकी हे जपानी भाषेत मे महिन्याचं जुनं नाव, आणि मेई म्हणजे इंग्रजीतला मे. म्हणजे नावातसुद्धा दोघी एकच! आता फिल्म परत लाव आणि बसस्टॉपचा सीन बघ, तिथे मेई सात्सुकीच्या पाठीवर झोपलेली असते, म्हणजे बहिणी दोन झाल्या तरी टोटोरोच्या शेजारी जागी, उभी अशी एकच मुलगी. मग पोस्टर आणि तो सीन शेजारी शेजारी ठेवून तुझ्या वहीत काढून बघ, आणि आईलाही दाखव.

प्रश्न : मॅडम, एका ऑनलाईन विक्रेत्याकडे 'लायन किंग'चं ओरिजिनल प्रॉडक्शन सेल आहे, सोबत सर्टिफिकेटपण देतोय. किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी आहे पण लहानपणापासून जीव आहे त्या फिल्मवर. घेऊ का? खरं-खोटं कसं ओळखायचं? (एक वाचक, पुणे)

थांबा, पैसे पाठवू नका.

लायन किंग आली १९९४ मध्ये, आणि तिचं प्रॉडक्शन सेल अशी वस्तूच नाहीये. सेल म्हणजे ती पारदर्शक शीट, जिच्यावर पुढून शाईने रेघ आणि मागून रंग भरून ती कॅमेऱ्याखाली ठेवायचे. डिस्नेमध्ये हे शेवटचं झालं १९८९च्या 'लिटल मर्मेड'ला. त्यानंतर १९९० पासून, म्हणजे 'रेस्क्युअर्स डाउन अंडर'पासून, त्यांनी कागदावरची ड्रॉइंग्ज स्कॅन करून रंग कॉम्प्युटरवर भरायला सुरुवात केली. त्यामुळे 'ब्यूटी अँड द बीस्ट', 'अलादीन', 'लायन किंग' यातल्या कुठल्याच फिल्मचं सेल कॅमेऱ्याखाली गेलेलं नाही. जी सेल्स बाजारात दिसतात ती फिल्म झाल्यानंतर विकण्यासाठी मुद्दाम रंगवलेली किंवा छापलेली असतात. ती सुंदर असू शकतात, भिंतीवर छानही दिसतील, पण त्यांना प्रॉडक्शन सेल म्हणणं खोटं, आणि 'सेरिसेल' असं लिहिलेलं असेल तर ते सरळसरळ स्क्रीन प्रिंटिंग आहे. जपानी फिल्म्सचंही तसंच, 'प्रिन्सेस मोनोनोके' १९९७ची, तिची खरी सेल्स आहेत, पण 'स्पिरिटेड अवे' २००१ची, तिचे रंग कॉम्प्युटरवर भरलेत, तर तिचं प्रॉडक्शन सेल कुणी देतो म्हणाला की दुकान सोडायचं.

जुन्या फिल्मचं खरं सेल असेल तर ते उलटं करून बघायला मिळालं पाहिजे. मागे रंगाचे थर उंचसखल दिसतात, एक रंग दुसऱ्यावर चढलेला दिसतो, पुढून मात्र सपाट. खालच्या किंवा वरच्या कडेला पेगची, म्हणजे शीट जागेवर पक्की बसवणाऱ्या खुंट्यांची, भोकं असतात, कोपऱ्यात नंबर असतो. भोकं कापून टाकलेलीही खरी सेल्स असतात, स्नो व्हाईटची सेल्स १९३८ पासून एका गॅलरीमार्फत फ्रेम करून विकली गेली तेव्हा बऱ्याच सेल्सच्या कडा कापल्या आणि मागे फिल्मचं बॅकग्राउंड न लावता चक्क लाकडाचा पातळ पापुद्रा लावला, तर तेवढ्यावरून खोटं ठरवू नका, पण मग जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊही नका.

तुमचा जीवच आहे तर मी म्हणेन पेन्सिलचं ड्रॉइंग शोधा. लायन किंगचे सिंह कागदावरच काढलेत, एकेक करून, हाताने. त्यातलं बहुतेक सगळं स्टुडिओने स्वतःच्या संग्रहात जपलंय, त्यामुळे बाहेर आलेल्या कागदाची पूर्वपीठिका, म्हणजे कुणाकडून कुणाकडे आला ते, नीट विचारायचं. कुठल्याही फिल्मचं असो, पण असं एक ड्रॉइंग हातात आलं की सेलपेक्षा दसपट गोष्टी सांगतं. साधारण काय असतं सांगते. खाली निळ्या किंवा लाल पेन्सिलचा फिका सांगाडा, डोक्याचा गोल, पाठीच्या कण्याची एक वाकडी रेघ, आणि त्याच्यावर काळी ठाम रेघ. कोपऱ्यात आकडा, समजा ९, आणि त्याला गोल केलेला, म्हणजे हे अ‍ॅनिमेटरचं स्वतःचं मुख्य ड्रॉइंग. आणि कडेला एक उभी रेघ, तिच्यावर शिडीसारख्या छोट्या आडव्या खुणा, १ ते ९. ती शिडी म्हणजे असिस्टंटला लिहिलेली चिठ्ठी आहे, की १ पासून ९ पर्यंत जाताना मधली ड्रॉइंग्ज कुठे कुठे पडू देत. शिडीच्या पायऱ्या ९ जवळ दाटीने असल्या तर हालचाल शेवटी हळू होत थांबणार, १ जवळ दाटीने असल्या तर हळू निघून सटकन जाणार. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात, एक ड्रॉइंग बहुतेकदा दोन फ्रेम टिकतं, म्हणजे ही सगळी शिडी पाऊण सेकंदाच्या आत संपते! तेवढ्या वेळात त्या प्राण्याचं वजन तुम्हाला जाणवलं पाहिजे, आणि ते वजन त्या शिडीत असतं.

आणि काहीही घेतलंत तरी जपणं तुमच्या हातात आहे. आमच्याकडे एका पावसाळ्यात एका जाहिरातीची सेल्स मधे कागद न घालता एकावर एक रचून कपाटात ठेवली गेली. दसऱ्याला कपाट आवरायला काढलं तर दमट हवेने रंग नरम होऊन एका सेलचा रंग दुसऱ्याच्या पाठीला चिकटलेला, मी नखाने अलगद सोडवायला गेले तर हत्तीचा अख्खा कान निघून वरच्या शीटला गेला. तीन आठवडे रंगवलेलं काम होतं ते, अजून आठवलं की पोटात तुटतं. तेव्हा सेल चिकटपट्टीने चिकटवायचं नाही, काचेला टेकेल असं फ्रेम करायचं नाही, उन्हाच्या भिंतीवर लावायचं नाही, आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला तर ते प्लास्टिक खराब व्हायला लागलंय, लगेच बाकीच्यांपासून वेगळं काढायचं.

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवते. मेरी ब्लेअरची चित्रं बघून अक्षरशः वेडी झाले, पण नंतर 'सिंड्रेला' परत बघितली तर चित्रातली ती मजा फिल्ममध्ये कुठेच नाही. एवढी चांगली चित्रं होती तर तशीच का नाही वापरली? (एक शिक्षिका, रत्नागिरी)

ही खंत मलाही आहे पण त्यात कुणाचा आळस नाही, कारण कामातच आहे.

ब्लेअर कॉन्सेप्ट चित्रं काढणारी, १९४०ला डिस्नेत आली, १९४१ला स्टुडिओच्या दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली आणि तिथून तिचे रंग बदलले ते बदललेच. 'सिंड्रेला' १९५०, 'अ‍ॅलिस' १९५१, 'पीटर पॅन' १९५३, तिन्हीसाठी तिने गॉशमध्ये, म्हणजे आपल्या पोस्टर कलरच्या जवळच्या रंगात, चित्रं केली. तुम्ही शिकवता म्हणून तुम्हाला लगेच दिसेल, की तिच्याकडे सावली गोलाई दाखवायला नसतेच, आकार कात्रीने कापून चिकटवल्यासारखे सपाट असतात, उंचच्या उंच खांब, त्याखाली एवढीशी मुलगी, आणि सगळा जीव रंगाशेजारी कुठला रंग ठेवला यात. आता ती सपाट मुलगी वळवा बघू. गिरकी घेताना तिचा खांदा मागे जाणार, मान फिरणार, आणि सिंड्रेलासाठी तर खऱ्या माणसांचं आधी शूटिंग करून ते बघत बघत अ‍ॅनिमेशन केलंय. गोल शरीर आलं की सपाट जग त्याच्याभोवती खोटं वाटायला लागतं, मग तेही थोडं गोल करावं लागतं, आणि असं होत होत ब्लेअरचं फक्त रंगाचं गणित उरतं. ते मात्र उरलंय हं, अ‍ॅलिसमधलं रात्रीचं जंगल बघा, काळ्यावर पेटल्यासारखे रंग, ती तीच आहे.

याच्या उलट डिस्नेतल्याच आयव्हिंड अर्ल या चित्रकाराचं झालं. १९५९च्या 'स्लीपिंग ब्यूटी'चं सगळं रूप त्याच्या एकट्याच्या हाती दिलं, मध्ययुगातल्या युरोपीय पोथीचित्रांवरून त्याने चौकोनी झाडं आणि पानन् पान काढलं, फिल्म ७० एमएमच्या रुंद पडद्यासाठी होती, एकेका बॅकग्राउंडला आठवडा-आठवडा जायचा, आणि पात्रांनाच त्याच्या झाडांना शोभतील असं टोकदार व्हावं लागलं. चित्र म्हणून मी ते तासन् तास बघू शकते, फिल्म म्हणून मात्र नायिका ब्रायर रोझ जंगलात फिरताना माझी नजर तिच्यावरून सुटून झाडांकडे जाते, म्हणजे वाँगने सोडवलेला प्रश्न परत उभा राहिला असं माझं मत. खर्च प्रचंड झाला. त्यानंतर लगेच १९६१ला '१०१ डाल्मेशियन्स' आली आणि तिथे झेरॉक्सने अ‍ॅनिमेटरची पेन्सिलची रेघ जशीच्या तशी सेलवर उतरवली. त्याआधी प्रत्येक रेघ इंकिंगच्या बायका शाईने पुन्हा काढायच्या, त्यांचा हात इतका सफाईदार की मूळ रेघेतला खरखरीतपणा निघून जायचा. मुलांना दाखवायचं असेल तर हीच फिल्म दाखवा, त्यातला पाँगो कुत्रा धावतो तेव्हा रेघ थरथरते, पुढच्या टेबलासाठी काढलेलं ड्रॉइंग पडद्यावर बघायला मिळतं.

प्रश्न : हे सगळं अमेरिका-जपानचं झालं. आपल्याकडे असं काही झालंय का? (एक कॉलेज विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

झालंय, आणि तुझ्या दारातून झालंय.

अ‍ॅनिमेशन म्हणशील तर दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' केली होती, काडेपेटीतल्या काड्या एकेक फ्रेमला सरकवून. पण टेबलामागे टेबल लावून चालणारी पद्धत शिकवली गेली ती १९५६ नंतर मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये. तिथे कार्टून विभाग उभा करायला क्लेअर वीक्स नावाचा अ‍ॅनिमेटर अमेरिकेतून आला, डिस्नेत स्नो व्हाईट, बांबी, पीटर पॅनवर काम केलेला. त्याच्या हाताखाली शिकलेल्या मुलांत राम मोहन होते, जे पुढे जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्याबरोबरच्या भारत-जपान 'रामायण'चे एक दिग्दर्शक झाले. आणि वीक्सच्या त्या चमूने १९५७ मध्ये 'द बॅनियन डिअर' केली, जातककथेतली, हरणांचीच गोष्ट! बांबीवर काम केलेल्या माणसाने इथे परत हरणं काढायला घेतली, पण वाँगचं धुकं आणलं नाही, चित्रांची धाटणी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून घेतली, ठळक वाहती बाह्यरेषा आणि आत सपाट रंग. विचार करून बघ, सेलवर पुढून रेघ आणि मागून सपाट रंग एवढंच करता येतं, त्याला ही धाटणी किती चपखल बसते.

तू तिथलीच आहेस तर अजिंठा शंभरेक किलोमीटरवर आहे. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरलीत, चार धडं आणि डोकं एकच, पण ज्या धडाकडे बघशील त्याचंच ते डोकं वाटतं, बसलेल्याचंही आणि मान वळवलेल्याचंही. खाली उभी राहून एका कागदावर एकच धड आणि डोकं, असे चार वेगळे कागद काढ, मग ते एकावर एक ठेवून भराभर उलट. वही साधी चालेल, पेन्सिल टू बी घे, आणि सोमवारी जाऊ नकोस, सोमवारी लेणी बंद असतात.